फ्लॅग न लावलेलं पत्र

माझ्या निरोपसमारंभात आमच्या जॉइंट सेक्रेटरीसाहेबांनी भाषण केलं. सगळ्यांच्या हातात कागदी प्लेटा, त्यांत एक समोसा, एक बर्फी आणि चार वेफर्स. साहेब म्हणाले, "मॅडम ने पूरी नौकरी में किसी की चाय तक नहीं पी." टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून हसले. लोकांना तो विनय वाटला असेल. वाटू दे, माझं काय जातंय!

आता मी गाझियाबादला राहते, आणि ही कीर्ती माझ्याआधीच सोसायटीत पोचली आहे. बिल्डरशी भांडायचं असलं की मलाच पुढे करतात, 'आंटी किसी से नहीं दबतीं' म्हणून. आंटी दबल्या होत्या, बाबांनो. तेही इतक्या स्वस्तात, की सांगायची लाज वाटते. चहा नाही प्यायले हे खरं आहे. थालीपीठं मात्र पुष्कळ खाल्ली.

आमचं खातं जंगलाच्या जमिनीचं. देशात कुठेही जंगलाची जमीन खाणीला, धरणाला, कारखान्याला द्यायची झाली की राज्याकडून प्रस्ताव दिल्लीला यायचा आणि आमच्या सेक्शनमध्ये पडायचा. मी सेक्शन ऑफिसर. आम्ही कागद तपासायचे, फाइलच्या डाव्या बाजूला टिपण लिहायचं, उजव्या बाजूला आलेला पत्रव्यवहार लावायचा, आणि फाइल वर पाठवायची. वर कमिटी बसायची आणि हो की नाही ते ठरवायची. आमच्या हातात काही नव्हतं असं आम्ही सगळे म्हणत असू. ते तद्दन खोटं होतं. आमच्या हातात फ्लॅग होता.

फ्लॅग म्हणजे रंगीत कागदाची छोटी चिठ्ठी. महत्त्वाच्या कागदाला ती टाचायची आणि टिपणात लिहायचं, 'कृपया फ्लॅग सी पाहावा.' साहेब लोक टिपण वाचत, फ्लॅग लागलेली पानं उघडत, सही करत. दोनशे पानांची फाइल असली तरी चार फ्लॅग म्हणजे चार पानं. ज्या कागदाला फ्लॅग नाही तो फाइलवर असून नसल्यासारखा. मंत्रालयात पहिल्या वर्षी माणूस हे शिकतो, आणि पुढे जन्मभर त्याचा मान त्यावरच टिकतो.

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या गेटपाशी डब्यांची नुसती जत्रा भरायची. काजू, पिस्ते, चांदीची नाणी, एकदा तर मिक्सर. ज्यांचे प्रस्ताव आमच्याकडे अडकलेले असत त्या कंपन्यांची माणसं हे घेऊन येत. मी एकूण एक डबा परत करायची, वर चार शब्दही सुनवायची. नाकाने कांदे सोलायची मला भारी हौस! माझा एक सहकारी म्हणायचा, "मॅडम, डिब्बा लौटाइए, भाषण मत दीजिए." मी भाषणही द्यायची.

आणि अशा मला जाळ्यात ओढलं ते भाजणीच्या पिशवीने.

सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये मी आणि आई, दोघीच. मी लग्न केलं नाही. आई विदर्भात जिल्हा परिषदेच्या शाळांमधून शिकवून निवृत्त झाली, आणि एकटी नको म्हणून मी तिला इकडे घेऊन आले. तिच्यावर उपकार केले असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी तिला तीन खोल्यांत मुकी करून ठेवलं होतं. शेजारी पंजाबी, समोर बंगाली, खाली गढवाली. आईचं हिंदी 'अच्छा' आणि 'नहीं चाहिए' यापुढे गेलं नाही. मी सकाळी नऊला बाहेर पडायची ती सातला यायची, आणि आल्यावर मला बोलायचा कंटाळा. ती दिवसभर भाजीवाल्याशी मराठीत बोलायची आणि तो बिचारा मान डोलवायचा.

अशात एका संक्रांतीला मराठी मंडळींच्या तिळगुळाच्या कार्यक्रमात तो भेटला. आई त्याला 'भाऊ' म्हणायची, म्हणून मीही भाऊच म्हणते. चाळिशीचा, हसतमुख, साधा शर्ट, पायात चपला. एका मोठ्या कंपनीच्या दिल्ली ऑफिसात होता. काम काय, तर 'लायझन'. म्हणजे मंत्रालयांच्या पायऱ्या झिजवायच्या, कुणाची फाइल कुठे आहे ते बघायचं, सेमिनार भरवायचे, साहेबांना जेवू घालायचं. मला हे सगळं ठाऊक होतं. पण त्याच्या कंपनीचं तेव्हा आमच्याकडे काही नव्हतं, आणि तो आईच्या पाया पडून म्हणाला, "मावशी, दिल्लीत थालीपीठ खाऊन किती दिवस झाले हो!"

आई म्हणाली, "अरे, पण इथे भाजणी कुठली मिळायला?"

पुढच्या रविवारी तो भाजणी घेऊन दारात उभा. घरी आई दळते, तिने पाठवली म्हणाला. आता सांगा, याला काय म्हणून परत पाठवायचं? नियमात काजू बसतात, चांदी बसते. दोन किलो भाजणी कशात बसवणार? आपलं माणूस आपल्या घरचं पीठ घेऊन आलंय, एवढंच मी धरलं. आईने लगेच तवा टाकला. तो खाली पाट मागून बसला आणि तिच्याशी दोन तास बोलला. तिच्या शाळा, तिच्या बदल्या, नाला ओलांडताना बैलगाडी उलटली ती गोष्ट. ती गोष्ट मी शंभरदा अर्धवट ऐकून तोडलेली. त्याने पूर्ण ऐकली, वर विचारलं, "मग बैलांचं काय झालं, मावशी?" त्या दिवशी आई किती हसली! मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होते आणि मला माझीच चीड येत होती.

दोन वर्षं तो येत राहिला. काम असं कधीच काढलं नाही. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, सरकारी हॉस्पिटलात आठ महिन्यांनंतरची तारीख मिळाली. त्याने नुसतं "बघतो" म्हटलं आणि तीन आठवड्यांत उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंसुद्धा. मी "हे कसं काय" विचारलं नाही. न विचारण्यातही एक कला असते, ती मला तोवर साधली होती.

मग ती फाइल आली. विदर्भातल्या एका डोंगरावर खाण, जंगलाची जमीन हवी, आणि मागणारी त्याचीच कंपनी. खरं तर त्याच दिवशी मी डायरेक्टरसाहेबांना लिहून द्यायला हवं होतं, की या कंपनीचा माणूस माझ्या घरी येतो, फाइल दुसऱ्याकडे द्या. एका ओळीचं काम. पण ती ओळ लिहायची म्हणजे डबे परत करणाऱ्या मॅडमच्या घरात कंपनीची भाजणी आहे हे कबूल करायचं. छे! ते कुठलं मला जमायला.

राज्याच्या अहवालात लिहिलं होतं की गावात सभा झाली आणि कुणाची हरकत नाही. आणि त्यानंतर महिन्याभराने गावाचं पत्र आलं, थेट आमच्याकडे, रजिस्टर्ड पोस्टाने. वहीच्या रेघी कागदाची चार पानं, मराठीत, शेवटी सह्या आणि अंगठे. सेक्शनमध्ये मराठी वाचणारी मी एकटी. डायरेक्टर तेव्हा रजेवर, म्हणून मीच ठरवलं की याचा हिंदीत सारांश करून फ्लॅग लावून पाठवायचा. शनिवारी पत्र घरी आणलं.

आईने ते माझ्या हातातून घेतलं. नवा डोळा मिळाल्यापासून ती दिसेल ते वाचत सुटायची, पुड्यांचे कागदसुद्धा. "काय अक्षर आहे गं!" म्हणाली. "सातवीपर्यंत शिकलेल्याचं असणार. आमच्यावेळी असंच वळण लावायचो." आणि तिने मोठ्याने वाचायला घेतलं.

त्यांनी लिहिलं होतं की त्या तारखेला गावात सभा झालीच नाही. त्या दिवशी गावातलं एक लग्न होतं आणि झाडून सगळे वऱ्हाडात पलीकडच्या गावी गेले होते. सभेच्या कागदावर ज्यांचे अंगठे आहेत त्यांतले दोघे तर केव्हाच वारलेत. मग त्यांनी डोंगर काय देतो ते महिन्यांप्रमाणे लिहिलं होतं. चैत्रात मोहाची फुलं, वैशाखात चारोळी आणि तेंदूची पानं, पावसात बांबूचे कोवळे कोंब, थंडीत आवळा आणि मध. नाल्याचं पाणी याच डोंगरातून येतं आणि उन्हाळ्यात तेवढंच असतं. शेवटची ओळ होती, 'साहेबांनी निर्णय काय घ्यायचा तो घ्यावा, पण आमचं हे वाचून घ्यावा ही विनंती.'

आईने पानं पुन्हा जुळवून ठेवली. मग म्हणाली, "चारोळी तिकडचीच गं. करोल बागेतून तू आणतेस ती खवट असते." आणि थोड्या वेळाने, "हे वाचतील ना?"

"वाचतील," मी म्हटलं. "फ्लॅग लावणार आहे."

आईने सांगितलं आणि मी लिहिलं, असा दोघींनी मिळून सारांश केला. कामात तिची मदत मी आयुष्यात पहिल्यांदा घेतली. तिला कोण आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी दुधाचं बूथ गाठायला खाली गेले होते, तेवढ्यात भाऊ आला. मी वर आले तर आई त्याला सांगत होती, "तुझ्या एवढ्या ओळखी आहेत, बघ ना बाबा त्या लोकांचं काही होतं का. सभाच झाली नाही म्हणतात, आणि मेलेल्यांचे अंगठे!" तो कुठल्या कंपनीत आहे हे तिला माहीत नव्हतं. तिच्या लेखी तो 'कंपनीत' होता, जसे सगळेच असतात. तो शांतपणे ऐकत होता. "बघतो, मावशी," म्हणाला. हाच शब्द त्याने डोळ्याच्या वेळी वापरला होता.

मी त्याला खाली सोडायला गेले. जिन्यात तो थांबला.

"ताई, पत्र फाइलला लावा की. मी कुठे नको म्हणतो?" आवाज अगदी घरच्यासारखा. "खोटं तर एक अक्षर लिहू नका. तुमच्याकडून मी ते मागेन का कधी? पण फ्लॅग कशाला? राज्याचा अहवाल आहे, कलेक्टरची सही आहे. चार पानांच्या पत्रावरून कमिटी सहा महिने मागे जाईल. तिकडे भडकवणारे असतातच हो."

मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही हे मला सांगू नका."

"बरं, नाही सांगत." तो हसला. स्कूटरला किक मारता मारता म्हणाला, "मावशींच्या दुसऱ्या डोळ्याचं बुधवारी आहे ना? मी गाडी पाठवतो. ऑटोत धक्के बसतील त्यांना."

एवढंच. धमकी नाही, नोटांचं पाकीट नाही. मी त्याच्यावर ओरडले असते तर कशावरून ओरडले असते? गाडी पाठवतो म्हणाला म्हणून?

सोमवारी मी पत्र फाइलला लावलं. तारखेप्रमाणे, योग्य जागी, पान क्रमांक टाकून. टिपणात लिहिलं, 'इतर पत्रव्यवहार फाइलवर उपलब्ध आहे.' फ्लॅग तीन लावले. राज्याचा अहवाल, नकाशा, कलेक्टरचं पत्र. आईने सांगितलेला सारांश पर्समध्येच राहिला. उद्या कुणी चौकशी केली असती तरी माझं एक अक्षर चुकीचं निघालं नसतं. इतकं स्वच्छ पाप मी केलं! बुधवारी गाडी आली आणि आईचा दुसरा डोळाही झाला.

कमिटीने एका बैठकीत मंजुरी दिली. आई अधूनमधून विचारायची, "त्या पत्राचं काय झालं गं?" मी म्हणायची, "वर पाठवलंय." तेही खरंच होतं.

याहून वाईट पुढे झालं. उद्योगपतींच्या एका संघटनेने मंत्रालयाला निवेदन दिलं, की नियम सुटसुटीत करा, स्थानिकांची कसलीही हरकत नसताना प्रस्ताव विनाकारण रखडतात. उदाहरण म्हणून कुठली फाइल दिली होती? माझी. 'या प्रकरणात कमिटीपुढे एकही हरकत आली नाही, तरी इतके महिने लागले.' मोठ्या हॉटेलात सेमिनार झाला, साहेब जेवून आले, आणि थोड्याच महिन्यांत आमचं परिपत्रक निघालं. गावांकडून थेट आलेली पत्रं परस्पर राज्याकडे पाठवावीत, त्यांच्यासाठी प्रस्ताव थांबवू नये. मसुदा माझ्याच टेबलावरून गेला. निवेदनातली वाक्यं जशीच्या तशी होती, स्वल्पविरामासकट. एका चिठ्ठीसाठी मी बळी पडले, आणि यांनी चिठ्ठी लावायची भानगडच संपवून टाकली. मूर्खपणा तरी किती करावा माणसाने!

भाऊचं येणं मग कमी झालं. त्याचं आमच्या सेक्शनमध्ये काही उरलंच नव्हतं. आई दर रविवारी दाराकडे बघायची. "कामात असेल," म्हणायची. माझ्या तोंडाशी आलेलं मी गिळायची.

एका उन्हाळ्यात रिसेप्शनवरून फोन आला, की महाराष्ट्रातून एक माणूस आलाय, हिंदी धड बोलत नाही, तुम्हीच या. खाली गेले. पन्नाशीचा, काळासावळा, धुतलेला पांढरा सदरा, काखेत कापडी पिशवी. त्याने खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पोस्टाची पोचपावती काढून माझ्यापुढे धरली. आमच्याच सेक्शनचा शिक्का. पावतीवरचं अक्षर मी ओळखलं, त्या चार पानांचंच.

"मॅडम, तुमी मराठी? बरं झालं बाप्पा, आपलं माणूस भेटलं." तो एकदम सैल झाला. "डोंगरावरच्या झाडांवर खुणा मारून गेले. गावाने मला पाठवलं. आमचं पत्र भेटलं होतं का, येवढंच विचारून ये म्हणे."

"मिळालं होतं," मी म्हटलं.

"फाइलीत आहे?"

"आहे."

"वाचलं ना साहेबांनी?"

आजूबाजूला पासच्या खिडकीची गर्दी होती. रिसेप्शनचा माणूस आमच्याकडे बघत होता. मी म्हटलं, "हो. वाचलं."

त्याने मान हलवली. कितीतरी वेळ हलवत राहिला. "मग ठीक आहे," म्हणाला. "वाचून दिलं असंल तर काय बोलणार. मोठ्या लोकांनी विचार केला असंल. गावात म्हणत होते, पोचलंच नाही, मधल्या मधे कोणी दाबलं, आपण परत लिहू, कोर्टात जाऊ. मी सांगतो त्यांना, दाबलं नाही म्हणून. मी स्वतः विचारून आलो म्हणून."

तेव्हाही वेळ गेली नव्हती. झाडांवर नुसत्या खुणा होत्या. 'थांबा, दादा, पुन्हा लिहा, कोर्टात जा, कुणी वाचलेलं नाही,' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण मला माझं टिपण आठवत होतं, त्याखालची माझी सही आठवत होती.

त्याने पिशवीतून एक पुडकं काढलं. वर्तमानपत्रात बांधलेलं, सुतळीने. "चारोळी आहे, मॅडम. त्याच डोंगरावरची. बायकांनी फोडून दिली. ज्यांनी वाचलं त्यांना दे म्हणाल्या."

आणि मी काय केलं? मी दोन्ही हात मागे घेतले. वर्षानुवर्षांची सवय, जीभ आपोआप चालली. "नाही हो, आम्हाला काही घेता येत नाही. नियम आहे."

तो ओशाळला. मग त्याच्या चेहऱ्यावर आदर आला, खराखुरा. त्याने पुडकं परत पिशवीत ठेवलं, हात जोडले. "गावात सांगतो, मॅडम. दिल्लीत आपली बाई आहे, चारोळीसुद्धा घेतली नाही." आणि बाहेर उन्हात निघून गेला. त्याला पाणीसुद्धा विचारायचं मी विसरले.

संध्याकाळी घरी आले तर जिन्यातच खमंग वास. आईने दार उघडलं, दोन्ही डोळे लखलखीत. "भाऊने ड्रायव्हरबरोबर भाजणी पाठवली बघ. बघितलंस, विसरला नाही!" तिने गरम थालीपीठ माझ्या ताटात टाकलं, वर लोण्याचा गोळा. मग समोर बसून, कितव्यांदा कोण जाणे, तिने विचारलं, "अगं, त्या पत्रवाल्यांचं काही कळलं का?"

"त्यांचा माणूस आला होता आज," मी म्हटलं. "समाधानाने गेला."

"देव पावला," आई म्हणाली, आणि तिने मला दुसरं वाढलं. मी तेही खाल्लं.